निम्म्या किमतीतली वेगवान लक्झरी सेडान: सातारा-सांगलीत घ्यावी का?

बीएमडब्ल्यू एम३४०आय मार्च २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ६२ लाख ९० हजार. आज तीच गाडी जुन्या बाजारात बरीच खाली मिळते आणि तिथेच गल्लत होते. उतरलेली असते ती गाडीची किंमत, पार्टची नाही. टर्बो, इंजेक्टर, ब्रेक डिस्क यांचं बिल ६३ लाखांच्या गाडीचंच येतं. म्हणून आधी एक हिशेब करा: ठरणाऱ्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी रोख बाजूला ठेवता येईल का? त्यासाठीही कर्ज काढावं लागणार असेल, तर गाडी बघायला जाऊच नका.

त्यानंतर वर्कशॉप. त्या ब्रँडचं जवळचं अधिकृत वर्कशॉप कोल्हापुरात आहे की थेट पुण्यात, हे फोन करून पक्कं करा. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. चारही चाकांना ताकद जाणारी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढत नेता येत नाही, अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो. त्याच्या एका खेपेचं भाडं आधीच विचारून ठेवा. घरात दुसरी साधी गाडी नसेल, तर पार्टची वाट बघण्यात आठवडे जातात आणि तुम्ही एसटी स्टँडवर.

इंजिनाच्या बाबतीत आमचं मत सरळ आहे: या भागात सहा सिलिंडरच्या वर जाऊ नये. एम३४०आयचं तीन लिटरचं सहा सिलिंडरी बी५८ इंजिन दणकट आहे. कूलंट कमी होणं आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गास्केटमधून तेल झिरपणं एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. बीएमडब्ल्यूच्याच एफ१० पिढीच्या एम५ मधल्या ४.४ लिटर, आठ सिलिंडरच्या व्ही८ ची गोष्ट वेगळी. त्याचे दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेत. तिथली धग बाहेर पडायला जागा नाही, मग होज, वायरिंग आणि व्हॉल्व्हचे सील भाजून कडक होतात. सांगलीचा एप्रिल-मे त्यात भरच घालतो. त्याआधीची ई६० एम५, पाच लिटर, दहा सिलिंडरच्या व्ही१० वाली, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसाठी जगभर बदनाम आहे. बेअरिंग बदलल्याचं बिल हातात पडल्याशिवाय ती बघूही नये.

गाडी बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला सांगा, रात्रीपासून सकाळपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलं जातंय. थंड इंजिन चालू करताना एकाने सायलेन्सरजवळ उभं राहावं. टायमिंग चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. मग १५ मिनिटं आयडलवर सोडा आणि एकदम रेस द्या. निळसर धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून बघा. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखी पांढरट साय असेल, तर तेलात पाणी उतरलंय किंवा गाडी फक्त जवळच्या फेऱ्या मारत होती. दोन्हींतलं काय, ते कूलंटच्या टाकीची पातळी सांगते.

आता स्कॅनर. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा साधा स्कॅनर पुरत नाही, सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, वाचणारा हवा. तपासणीत यावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण मीटर मागे फिरवणाराही सगळीकडचे आकडे पुसत नाही. बऱ्याच मॉड्यूलमध्ये जुन्या फॉल्टसोबत त्या वेळचं रनिंग नोंदलेलं असतं. मीटरवर ४८ हजार आणि गिअरबॉक्समधल्या जुन्या फॉल्टपुढे ७१ हजार दिसलं, की बोलणं तिथेच संपवा. फॉल्ट एकही नाही, पण धुराच्या उत्सर्जनाच्या, गाडी स्वतःच करते त्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतायत? म्हणजे बहुधा कोणीतरी नुकतेच फॉल्टचे कोड पुसलेत. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. एक्झॉस्टमधून फटाके आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असू शकतो. अशा गाडीचं बहुधा रीमॅपही, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार, झालेलं असतं. पोरांना तो आवाज आवडतो, पण वॉरंटी त्यातच जाते.

सांगली, कोल्हापूर, कराडकडच्या गाडीत पूर शोधायचाच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. पट्टा नवा करकरीत असेल तर त्याच्या लेबलवरची तारीख बघा. गाडीपेक्षा नंतरची असेल, तर एकतर पूर नाहीतर एअरबॅग उडालेली. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम आणि बूटमधला, म्हणजे डिकीतला बॅटरीचा कप्पाही तपासा. बूटमध्ये ओल असली की प्रत्येक वेळी पूरच असतो असं नाही, सनरूफची ड्रेन नळी तुंबली तरी पाणी तिथे येतं. पण ओलीत बसलेले मॉड्यूल दोन्हीकडे सारखेच जातात.

रंगाची जाडी मोजणारा पेंट गेज मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन दाखवतो. ३०० म्हणजे पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलीय. एखादा दरवाजा रंगवलेला असेल तर भाव कमी करा. छत आणि खांबांवर लांबी सापडली, तर निघा.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय इसार द्यायचा नाही. गावाकडच्या गतिरोधकांनी चेंबर घासलेला असतो. बॉलजॉइंट, बुश आणि रिमची आतली कड डोळ्यांनी बघा, कारण कमी उंचीच्या टायरमुळे खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो आणि ती वाकते. टायरवर ‘३२२१’ असं लिहिलेलं असेल तर तो २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच जातीचे हवेत आणि खाचांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस झिजतो. बऱ्याच गाड्यांत पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसते. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतील तर सकाळी एक कोपरा खाली बसलाय का बघा. पिशवीतून हवा गळली की कॉम्प्रेसर सतत पळतो आणि तोही जळतो.

चालवून बघायला सातारकरांनी यवतेश्वरचा घाट घ्यावा, सांगलीकरांनी पेठ नाक्याकडे जावं. ताशी ६० ते ७० वर हलक्या पायाने चालवताना थरथर जाणवली, तर दोष इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा किंवा जुन्या गिअर ऑइलचा. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या पेटीचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून विकतात, पण खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पूर्ण पॅन बदलावा लागतो. खर्च किमतीतून वळता करा. इंजिन ऑइल मात्र डॅशबोर्ड सांगेल तेव्हा नको, ८ ते १० हजार किलोमीटरवर बदला.

कागदांत गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८ आणि इथला रोड टॅक्स. दिल्लीची गाडी स्वस्त वाटते ती अनेकदा याच हिशेबात महाग पडते. ई-चलन आणि बोजा परिवहनच्या साइटवर दिसतात. विमा १४ दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियमचा नवा आकडा आधी काढा. कृष्णाकाठी राहत असाल तर पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारं जादा कव्हर, जूनच्या आधी घातलेलं असावं.