टायमिंग बेल्ट: थंड इंजिनाची घरघर अखेर थांबली

इंजिन थंड असताना पुढून घरघर यायची, गरम झालं की बंद. अल्टरनेटरचा बेल्ट बदलला, मग त्याची बेअरिंग. आवाज तसाच, फार वैताग आला. शेवटी टायमिंग बेल्टचं (क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवून व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा) वरचं कव्हर काढलं: बेल्टच्या कडेचे धागे सुटलेले, वॉटर पंपाखाली कूलंटचा वाळलेला ओघळ.

किलोमीटर कमी होते, पण बेल्ट बदलायची मॅन्युअलमधली वर्षांची मुदत उलटली होती. जे आधी भरेल ते धरायचं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

मोठा खर्च उघडझाकीच्या मजुरीचा. म्हणून टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही सोबतच बदलले.

बॅटरीची निगेटिव्ह वायर, कूलंट, स्पार्क प्लग काढले. पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) आणून क्रँक-कॅमच्या खुणा जुळवल्या. टेन्शनर सैल करून जुना बेल्ट उतरवला. जुना टेन्शनर बोटाने फिरवला तर खरखरत होता. नवे भाग बसवून बेल्ट क्रँकपासून चढवला, ढील टेन्शनरच्या बाजूला ठेवली, ताण मॅन्युअलप्रमाणे दिला. मग पान्याने क्रँक पूर्ण २ फेरे, इंजिनाच्याच दिशेने. अडलं तर जोर अजिबात लावू नका. खुणा पुन्हा जुळल्यावरच कव्हर लावलं, कूलंट भरलं. घरघर गेली.