ऑईल फिल्टरची जागा बदलताना: फोर-बाय-फोरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जीप रँग्लरमध्ये शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ बसवायचं काम अमेरिकेतल्या फोर-बाय-फोर गॅरेजांमध्ये अजूनही येतं. इंजिन, गिअरबॉक्सचं अडॅप्टर, वायरिंग ही मोठी कामं जुनी माणसं स्वतःकडे ठेवतात आणि ‘फिल्टर तेवढा बाजूला घे’ म्हणून फिल्टर हलवायच्या किटचा खोका नवख्याच्या हातात देतात. काम किरकोळ वाटतं, पण बेअरिंगला मिळणारं सगळं तेल तुम्ही लावलेल्या दोन होजमधून जाणार असतं. या कामात हात हलका ठेवून चालत नाही.

फिल्टर का हलवायचा हे तुम्हाला माहीत असेल, तरी एकदा गाडीखाली झोपून बघा. वायजे (१९८७ ते ९५) आणि टीजे (१९९७ ते २००६) या रँग्लरचा पुढचा डिफरन्शिअल ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे तिकडे डावीकडे असतो. पुढचा प्रोपेलर शाफ्ट त्याच बाजूने जातो. जीपच्या मूळ ४ लिटर सहा सिलिंडर इंजिनाचा फिल्टर उजवीकडे, म्हणून कंपनीतून आलेल्या गाडीत काही अडत नाही. शेवीच्या, म्हणजे शेवरोलेच्या, ३५० घन इंची स्मॉल ब्लॉकचा फिल्टर मात्र डावीकडे, मागच्या अंगाला, ब्लॉकच्या तळाशी. गाडी सपाटीवर उभी असताना शाफ्ट आणि फिल्टरमध्ये बोटभर जागा दिसते आणि मालक म्हणतो, ‘चालेल की.’ चालत नाही. युटामधल्या मोआबच्या खडकावर अ‍ॅक्सल वर दाबला गेला की शाफ्टही वर येतो. जागा मोजायची ती स्प्रिंग पूर्ण दाबून, अ‍ॅक्सल बंप स्टॉपला, म्हणजे त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकवून.

मी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल केलं होतं. हात मिलिमीटरला सरावलेले, इंचाचे आटे अंगवळणी पडायला वेळ लागला. तुमचंही तसंच होईल, त्यात लाजायचं काही नाही. फक्त एक पक्कं ठेवा: एम-२० आट्यांचा फिल्टर ३/४ इंची स्टडवर सैल का होईना, चढतो. हाताला बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निसटतो. शेवीचे आटे आणखी वेगळे, १३/१६ इंच. फिल्टरवरचा नंबर वाचल्याशिवाय फिरवायला घेऊ नका.

आता ज्या सापळ्यासाठी हे लिहायला बसलो, तो.

कुठलाही नवा फिल्टर उलटा करून बघा. मधोमध आट्यांचं मोठं भोक, भोवती लहान भोकांचं कडं. तेल कड्याच्या भोकांतून आत शिरतं, कागदाच्या घड्यांतून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परत जातं. बहुतेक फिल्टरमध्ये कड्याच्या भोकांमागे रबराचा पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर तेल मागे उतरू नये म्हणून. तो एकाच दिशेने उघडतो.

किटमध्ये दोन तुकडे येतात. एक ब्लॉकवर बसतो, दुसरा फिल्टरचा बेस, तो चेसिसवर किंवा फेंडरच्या आत. दोन्हींवर ‘इन’ आणि ‘आउट’ कोरलेलं असतं. डोळा सहज सांगतो, इनला इन जोड, आउटला आउट. हीच उलटी जोडणी. ब्लॉकवरचं ‘आउट’ म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारं तेल, ते बेसच्या ‘इन’ला जायला हवं. आणि अक्षरं नेमकी कुणाच्या बाजूने कोरली आहेत यावर भरवसा ठेवूच नका.

उलटं जोडलं तर काय होतं? पंपाचं तेल मधल्या भोकातून फिल्टरमध्ये शिरतं आणि आतून पडद्यावर दाब देतं. पडदा घट्ट मिटतो. ज्या जोडणीत कुठेच बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर तेल वळसा घालून जाऊ देणारी झडप) नाही, तिथे इंजिनाला तेल मिळत नाही, तेलाच्या दाबाचा गेज शून्यावर राहतो आणि लक्ष असेल तर तुम्ही लगेच चावी बंद करता. त्याहून वाईट प्रकार दुसरा. शेवीच्या ब्लॉकमध्ये फिल्टरच्या जागी कंपनीचा बायपास असतो. काही किटांमध्ये तो तसाच राहतो. मग तेल फिल्टर टाळून बायपासमधून सरळ गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत जातं. गेज उत्तम दाखवतो. गळती नाही, आवाज नाही. इंजिन महिनोन्‌महिने न गाळलेल्या तेलावर चालतं.

माझ्यापुढे अशी एक टीजे आली होती, होज दुसऱ्या एका गॅरेजात लागलेले. गरम झाल्यावर खालून टकटक, ही तक्रार. दाब बरोबर दिसला की कुणाचंही मन तेलावरून उठतं. माझंही उठलं, आणि बाकीचं तपासण्यात बराच वेळ गेला. शेवटी फोरमनने माझ्या हातात फिल्टर कटर दिला. डबा कापून घड्या उलगडल्या. डिपस्टिकवरचं तेल काळंकुट्ट, आणि कागद नुसता भिजलेला, त्यावर एक कण नाही. मग इंजिनाखालचा तेलाचा पॅन उतरवला. बेअरिंगच्या शेलवर नख फिरवलं की अडकत होतं. मालकाने ते इंजिन स्वतः पैसे साठवून घेतलं होतं. त्याला हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता, आणि आजही होज हातात घेतला की ते शेल आठवतात.

घाबरू मात्र नका, तपासणी अगदी सोपी आहे. जोडण्याआधी तुकड्याच्या प्रत्येक तोंडातून मऊ वायर आत सारा आणि ती कड्यात निघते की मध्यभागी ते बघा. ब्लॉकचं कडं बेसच्या कड्याला, ब्लॉकचा मध्य बेसच्या मध्याला. होजच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. बेसवर नवा फिल्टर चढवून बेसच्या ‘इन’मध्ये हलकी हवा मारा, ती ‘आउट’मधून आली पाहिजे. ‘आउट’मध्ये मारली तर पडदा अडवतो, ते बोटाला कळतं.

बाकी गोष्टी भरभर सांगतो. होज दहा नंबरचा एएन (होज-फिटिंगचं एक अमेरिकी माप) घ्या, हा नंबर सोळाव्या भागात असतो, म्हणजे ५/८ इंच. किटमध्ये साधा रबरी होज आणि पट्टीचे क्लॅम्प आले असतील तर ते बाजूला ठेवा, थंडीत सुरू करताना दाब ८० पीएसआयच्या वर जाऊ शकतो. एएनचा फ्लेअर, म्हणजे फिटिंगचं शंकूसारखं तोंड, ३७ अंशांचा, ४५ अंशांच्या फिटिंगशी त्याचं लग्न लावू नका. निमुळत्या पाइप आट्यांना पातळ सीलंट लावा, टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे तेलात जातात. इंजिन माउंटवर हलतं आणि बेस हलत नाही, म्हणून होजला ढील ठेवा. एक्झॉस्टपासून लांब न्या. फिल्टर शक्यतो तोंड वर करून लटकवा.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांवर माझा राग नाही. पण ‘दोन तासांत फिल्टर हलवा’ म्हणणाऱ्या व्हिडिओत वायर घालून बघणारा मला अजून दिसलेला नाही. शिकवणारा निवडताना माझी खूण ही, की कापलेला फिल्टर तो तुमच्या हातात देतो की कचऱ्यात टाकतो. एएसई या मेकॅनिकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्राला परीक्षेबरोबर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, शिक्षण झालं असेल तर त्यात थोडी सूट मिळते. ती वर्षं अशा माणसाच्या हाताखाली काढा, पगार थोडा कमी असला तरी.

सुरू करताना फिल्टर तेलाने भरा. डिस्ट्रिब्युटरचं इंजिन असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवा, नाहीतर इग्निशन तोडून गेज उठेपर्यंत सेल्फ मारा, मध्ये मध्ये थांबून. होज आणि फिल्टर मिळून अर्धा ते एक क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) तेल जास्त घेतात, म्हणून इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक बघून भर घाला. गाडी गरम झाल्यावर प्रत्येक जोडाला पांढरा कपडा लावून बघा. आणि पहिला फिल्टर लवकर काढा, कापा. घड्यांमध्ये बारीक चमक आणि काजळी दिसली, तर तेल बरोबर वाटेने जातंय.