मे महिना, घरात पाच मुलं: इंदूरची सुट्टी कशी निभवावी

मध्य प्रदेशात शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. मुलं महिनाभर नव्या वर्गात बसतात, दप्तरभर गृहपाठ घेऊन मेच्या तोंडावर घरी येतात आणि जूनच्या मध्यापर्यंत घरीच. त्यात पुण्याहून भाचरं येऊन थडकतात. आईबाबांच्या नोकऱ्या चालूच असतात. मग कोणीतरी हौसेने तासातासाचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवतं. ते करू नका. सकाळ आणि संध्याकाळ मुलं स्वतःच भरून काढतात. बांधावी लागते ती फक्त दुपार, बारा ते पाच.

पण आधी गृहपाठ निकालात काढा. नाश्ता झाला की अर्धा तास, रोज, सगळ्यांनी एकत्र बसून. प्रोजेक्ट असेल तर पहिल्याच आठवड्यात करा, आणि ते मुलांनीच करू द्या. वाकडं झालं तरी चालेल. थर्माकोलचा तो सुबक ज्वालामुखी कोणी केलाय हे बाईंना बरोब्बर कळतं.

मग प्रत्येकाला एक खरं काम नेमून द्या. खरं म्हणजे ते केलं नाही तर घराचं अडेल असं. इंदूरच्या बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा पाण्याचा दिवस लक्षात ठेवणं, बादल्या-पिंप भरणं आणि टाकी भरली की मोटर बंद करायला हाक मारणं हे दहा वर्षांच्या मुलाचं काम. कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत येते. ओला, सुका, प्लास्टिक वगैरे वेगवेगळं काढून नेऊन देणं दुसऱ्याकडे. पुण्याच्या पाहुण्यालाही यातून सूट नको. उलट, २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येतं, हे त्याला ऐकवायला इथल्या मुलांना भारी आवडतं.

सुट्टीतलं सगळ्यात चांगलं सामूहिक काम म्हणजे साबुदाण्याच्या पापड्या. कुरडया लहान मुलांच्या आवाक्यातल्या नाहीत, गव्हाचा चीक काढण्यातच मोठ्यांचा जीव जातो. पापड्यांसाठी रात्री दोन वाट्या साबुदाणा धुऊन, वर बोटभर पाणी ठेवून भिजवा. सकाळी सहाला मोठ्या माणसाने दहा वाट्या पाणी उकळून त्यात मीठ, जिरं आणि भिजलेला साबुदाणा घालायचा. सतत ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतो. दाणे काचेसारखे पारदर्शक झाले आणि मिश्रण दाटसर खिरीइतकं झालं की गॅस बंद. जरा निवू द्या. मग गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून चार कोपऱ्यांवर विटा ठेवा आणि मुलांच्या हातात डाव द्या. एका डावाची एक पापडी. डाव पाठीने फिरवून पातळ करायची. मधे बोटभर जागा सोडायला सांगा, तरी दोनचार एकमेकींना चिकटणारच. नऊच्या आत सगळ्यांना खाली आणा, ऊन चढतं. संध्याकाळी कडा सुटल्या की पापड्या अलगद उलटायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवायच्या. कटकन मोडली की झाली. कबुतरं हाकलायची पाळी लावून द्या, पण सावलीतून.

आता दुपार. जेवण साडेबाराला, मग पडदे ओढून सगळ्यांनी आडवं व्हायचं. झोपलंच पाहिजे असं नाही, पण बोलायचं नाही. दोन वाजता टीव्ही किंवा मोबाइल, दीड तास, एकदाच. सगळ्यात कठीण वेळ आहे ती, तिथेच तो खर्च करा. सकाळी दिलात तर दुपारी हातात काही उरत नाही. साडेतीनला पन्हं. आमच्याकडे एका भांड्यात गूळ-वेलचीचं, दुसऱ्यात पुदिना, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याचं असतं. इंदुरात राहून एकावर भागत नाही. नंतर पत्ते. वयं वेगवेगळी असली की बदाम सात सगळ्यात बरा, सहा वर्षांचं पोरही आजोबांना अडवून ठेवू शकतं. "कंटाळा आला" असं कोणी म्हणालं तर उत्तर देऊ नका. मात्र मूल तापलं, मलूल झालं किंवा बराच वेळ लघवीला गेलं नाही, तर सरळ डॉक्टरकडे.

सहानंतर बाहेर. माळव्यात दिवस कितीही तापो, रात्री वारा सुटतो. राजवाडा, बागा, सायकली, जे जमेल ते. सराफा मात्र एकदाच, दुपारी नीट झोपलेल्या मुलांना घेऊन, कारण सोन्याची दुकानं बंद झाल्यावरच तिथे खाण्याची मांडामांड होते. एक प्लेट दोघांत, हा नियम घरूनच ठरवून निघा. भुट्ट्याचा कीस आणि शिकंजी पाहुण्यांना हमखास द्या. पुण्याची मुलं शिकंजी म्हटल्यावर लिंबूपाणी समजतात, आणि समोर येतं घट्ट, केशरी दूध. गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, मागितलं तर हिवाळ्यात या म्हणावं.

एक दिवस महेश्वरला काढा, साधारण नव्वद किलोमीटर. घाट उतरून निमाडात गेलं की ऊन आणखी कडक, म्हणून पहाटे पाचला निघा आणि अकराला परत फिरा. अहिल्याबाईंचा वाडा, घाट, हातमागावरची साडी विणताना पाहणं एवढं पुरे. पोहणं नको, नर्मदेच्या पायऱ्यांवर पाय बुडवून बसा. जवळच मंडलेश्वरापाशी जलूद आहे. तिथून १९७८ पासून नर्मदेचं पाणी वर चढवून इंदूरला आणतात. बादल्या भरणाऱ्या पोराला हे तिथेच सांगा.

जून लागला की रात्रीची झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणायला लागा. पापड्यांचे डबे पाहुण्यांच्या बॅगेत सगळ्यात वर भरा, खाली गेले की चुरा होतो.