प्रोटीनवर साखर आहे का? ग्लायकोबायोलॉजीत येणाऱ्यांनी हा प्रयोग आधी शिका

एमएस्सी बायोकेम झालंय आणि ग्लायकोबायोलॉजीत (म्हणजे पेशींमधल्या आणि प्रोटीनवरच्या साखरांच्या अभ्यासात) पीएचडी करायचीय, तर नेट-जेआरएफचं सगळे सांगतातच, मी बेंचवरचं सांगतो.

पहिलं काम, प्रोटीनचा सिक्वेन्स उघडा आणि अ‍ॅस्पराजीन, मग कुठलंही अमिनो अ‍ॅसिड (प्रोलीन सोडून), मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम शोधा. एन-ग्लायकन (अ‍ॅस्पराजीनला जोडलेली साखरेची साखळी) बहुतेक तिथेच बसतो, पण साइट दिसली म्हणजे साखर लागलेलीच असते असं नाही बरं का!

मग पीएनगेज एफ, म्हणजे एन-ग्लायकन प्रोटीनवरून कापणारं एन्झाइम. सँपल एसडीएस आणि डीटीटी (प्रोटीनची घडी उलगडणारी रसायनं) घालून १०० डिग्रीला १० मिनिटं उकळा, थंड करा, एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घाला, मगच एन्झाइम, आणि ३७ डिग्रीला तासभर ठेवा. एनपी-४० विसरलात तर एसडीएस एन्झाइमलाच मारतो, मी सुरुवातीला हेच विसरलो आणि आठवडाभर समजत होतो की माझ्या प्रोटीनवर साखरच नाही. म्हणून जेलवर चालवताना शेजारच्या लेनमध्ये आरएनेज बी (साखर असलेलं ओळखीचं प्रोटीन) तसंच एन्झाइम घालून लावाच, ते १७ केडीएवरून (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) साधारण १४ वर उतरलं तर एन्झाइम चालतंय, आणि मग तुमचा बँड खाली आला की समजा साखर निघाली. वनस्पतींचं प्रोटीन असेल तर पीएनगेज ए पण करून बघा, कारण तिथे मुळाशी फ्युकोज वेगळ्या जोडणीने असतो आणि एफ अडतं.

बँड हललाच नाही तर लगेच सोडून देऊ नका. १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये टोरेस आणि जेराल्ड हार्ट लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या) पृष्ठभागावरची एन-अ‍ॅसिटाइलग्लुकोजअमाइन, थोडक्यात ग्लुकनॅक, ही साखर शोधत होते, गॅलॅक्टोज ट्रान्सफरेज आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह गॅलॅक्टोज वापरून, आणि सिग्नल बराचसा पेशीच्या आतून आला. तेव्हा समज असा की अशी साखर बाहेरच असते. त्यांनी ते दूषित सँपल म्हणून फेकून दिलं नाही, तपासत राहिले, तीच ओ-ग्लुकनॅक, सेरीन-थ्रिओनीनवर बसणारी एकच साखर, आणि हार्ट यांनी पुढची कित्येक दशकं तिच्यावरच घालवली. मला हे फार मोठं वाटतं.

ती फक्त २०३ डाल्टनची, त्यामुळे साध्या जेलवर कळत नाही आणि पीएनगेज तिला कापत नाही. तिच्यासाठी सीटीडी११०.६ अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट (जेलवरचं प्रोटीन पडद्यावर घेऊन अँटीबॉडीने शोधणं) करा, एका ब्लॉटवर अँटीबॉडीसोबत मोकळी ग्लुकनॅक घाला, सिग्नल गेला तरच तो खरा धरा. आणि पेशी फोडताना थायामेट-जी (ओजीएला अडवणारं रसायन) घाला, नाहीतर ओजीए एन्झाइम तुमच्या देखत साखर काढून टाकतं.