स्टारबर्स्ट दीर्घिकेतले झगझगीत एक्स-रे सोर्स कसे शोधायचे आणि त्यांचा परिणाम कसा ओळखायचा

स्टारबर्स्ट दीर्घिका म्हणजे जिथे तारे फार वेगाने बनताहेत अशी दीर्घिका, त्यातल्या एम८२ पासून सुरुवात करा. साधारण १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे म्हणजे तशी शेजारचीच, आणि चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीचा जुना डेटा कुणालाही फुकट मिळतो. फाइल डीएस९ या खगोलीय चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमधे उघडा, ०.५ ते ८ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं माप) एवढाच भाग ठेवा, स्केल लॉग करा, की मधे ठिपके आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला गरम वायू असं दोन्ही दिसायला लागेल. ठिपके वेगळे आणि वायू वेगळा, हिशोबात दोन्ही एकत्र धरलं की पुढचं सगळं चुकतं.

आता ठिपक्याची तेजस्विता काढायची: फ्लक्स (आपल्यापर्यंत दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला पोचणारी ऊर्जा) गुणिले ४ पाय गुणिले अंतराचा वर्ग. उत्तर १० चा ३९वा घात अर्ग प्रति सेकंद याच्या वर गेलं तर तो अल्ट्रालुमिनस सोर्स, म्हणजे सूर्य सगळ्या प्रकारच्या प्रकाशात मिळून जेवढी ऊर्जा टाकतो त्याच्या अडीच लाख पटीहून जास्त, तीही नुसत्या एक्स-रे मधे! अंतर दुप्पट धरलंत तर तेजस्विता चौपट येईल, म्हणून अंतर कुठून घेतलंय ते लिहून ठेवा. बरोब्बर केंद्रावरचा ठिपका बाजूला काढा, तिथे महाकाय कृष्णविवर असू शकतं, आणि ऑप्टिकल फोटोशी जुळवून मागचे क्वेझार (फार दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं) पण वगळा.

तेजावरून वस्तुमान काढायचा मोह होतो तो टाळाच. एम८२ मधल्या एक्स-२ या सोर्सला कृष्णविवर समजायचे, पण २०१४ मधे नूस्टार या दुसऱ्या एक्स-रे दुर्बिणीच्या डेटात दर १.३७ सेकंदांनी तेज वाढल्याचे ठोके सापडले आणि तो न्यूट्रॉन तारा निघाला, स्वतःच्या एडिंग्टन मर्यादेच्या (ज्याच्या पुढे प्रकाशाचा दाब आत पडणाऱ्या वायूला मागे ढकलतो ते तेज) जवळपास १०० पट चमकणारा. त्याच्यापासून जेमतेम ५ आर्कसेकंदांवर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एक्स-१ हा दुसरा सोर्स आहे, चंद्रा दुर्बिणीला ते दोघं वेगळे दिसतात, नूस्टारला एकच डाग दिसतो, म्हणून जागा चंद्रा दुर्बिणीकडून घ्या आणि ठोके नूस्टारकडून.

मग दीर्घिकेत असे सोर्स किती अपेक्षित आहेत ते बघा. वर्षाला एका सूर्याएवढे तारे बनत असतील तर जड ताऱ्यांच्या एक्स-रे जोड्यांची (जड तारा आणि त्याचा वायू ओढणारं कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा) एकूण तेजस्विता साधारण २.५ गुणिले १० चा ३९वा घात अर्ग प्रति सेकंद येते, तारे जास्त बनले की त्याच प्रमाणात वाढते. जड मूलद्रव्यं (हेलियमहून जड सगळी) कमी असलेल्या दीर्घिकेत ती याहून जास्त निघते. आणि हे सोर्स तारे बनायला लागल्या लागल्या येत नाहीत, आधी जड तारा मरायला हवा, त्याला काही दशलक्ष वर्षं जातात.

परिणाम कसा ओळखायचा हा खरा रस असलेला भाग. सोर्सभोवती शेकडो प्रकाशवर्षांचा वायूचा बुडबुडा दिसतो का बघा, आणि स्पेक्ट्रममधे ४६८६ अँगस्ट्रॉमची आयनित हेलियमची रेषा शोधा. या रेषेसाठी ५४ ईव्हीच्या वरचे फोटॉन लागतात, साधे गरम तारे ते फारसे देत नाहीत, होल्मबर्ग २ या दीर्घिकेतल्या सोर्सभोवती ती छान दिसते. पण एनजीसी ७७९३ या दीर्घिकेतला एस२६ बघाच, बुडबुडा सुमारे १००० प्रकाशवर्षांचा आणि मधला सोर्स एक्स-रे मधे मंद! तिथे वायू जेटने (सोर्समधून वेगाने सुटणाऱ्या अरुंद झोताने) ढकललाय, म्हणजे नुसतं एक्स-रे तेज मोजून परिणाम कळत नाही.

एम८२ मधून बाहेर वाहणारा मोठा वारा मात्र या सोर्सच्या नावावर टाकू नका, तो मुख्यतः सुपरनोव्हा आणि जड ताऱ्यांच्या वाऱ्यांचा आहे. सोर्सचा हात आसपासच्या वायूपुरता असतो, अपवाद कठीण म्हणजे जास्त ऊर्जेच्या एक्स-रे चा, ते फारसे न अडता लांबवर जातात आणि विश्वाच्या सुरुवातीच्या काळात दीर्घिकांच्या दरम्यानच्या जागेतला हायड्रोजन तापवायला त्यांनीच हातभार लावला असं मानतात. हे जवळून समजून घ्यायचं असेल तर पुढचा नंबर आय झ्विकी १८ या दीर्घिकेचा लावा, जड मूलद्रव्यं फार कमी, एक्स-रे मधे एकच सोर्स सगळ्यांना भारी, आणि तिथली हेलियमची रेषा त्याच्यामुळे की नाही यावर अजून वाद चालू आहे.