हाक मारली की कुत्रा उलटा पळतो: शेवटी काय लागू पडलं

घरात हाकेला येतो, मैदानात पट्टा सोडला की पसार. मागे धावलो, तर त्याला तो खेळच वाटला. बिस्किटंही फुकट गेली. वैताग आला होता.

'ये' हा शब्द रागावून वापरल्याने नासला होता. नवा घेतला, 'इकडे'. आठवडाभर घरातच: शब्द उच्चारला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, दिवसातून दहा-बारा वेळा. मग मैदानात 10 मीटर दोरी, गळपट्ट्याला नव्हे, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला. नाहीतर मानेला हिसका बसतो. हाक एकदाच. नाही आला तर दोरी धरून आपण उलट दिशेने चालायचं. आला की आधी हार्नेस धरायचा, मग तुकडा, मग पुन्हा मोकळं सोडायचं. हे सोडणं विसरलात, तर हाक म्हणजे घरी जाणं हे त्याला बरोबर कळतं.