रे चार्ल्सच्या वळणाचा ब्लूज, पेटी वाजवणाऱ्यांसाठी

रे चार्ल्स हा अमेरिकन गायक-पियानोवादक सुरुवातीच्या काळात नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राउन यांच्या गळ्याची नक्कल करायचा. नोव्हेंबर १९५४ मध्ये अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनवर त्यानं ‘आय गॉट अ वुमन’ रेकॉर्ड केलं. चाल एका गॉस्पेल गाण्यावरून, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतावरून घेतलेली, गाणं त्याचं आणि बँडमधला ट्रम्पेटवादक रेनाल्ड रिचर्ड याचं. सोल संगीताची गोष्ट सहसा इथूनच सांगतात. शिकतानाही क्रम हाच ठेवा: आधी ब्लूजचा (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या व्यथेच्या गाण्यांचा) सांगाडा, मग त्यात चर्चमधल्या जागा.

षड्ज पांढरी एक. खालचे सगळे सूर त्याच पट्टीतले आहेत. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, पण ऑटो-अकंपनिमेंट (कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ) बंद करा. ते चालू असलं की डाव्या हाताला काही शिकायलाच मिळत नाही.

एक फेरी १२ बारची, प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार सा ची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर (सा ग प कोमल नी), पाच-सहा म ची (म ध सा कोमल ग), सात-आठ पुन्हा सा. नवव्या बारला प ची (प नी रे म), दहाव्याला म, अकराव्याला सा आणि बाराव्याला परत प. तो शेवटचा प पुढच्या फेरीत ढकलतो. तो चुकला तर गाणं तिथंच संपल्यासारखं वाटतं.

डाव्या हातानं अख्खी कॉर्ड दाबू नका. मंद्र सप्तकात चार-चार सूर एकत्र दाबले की नुसती घरघर ऐकू येते, त्यात सूर लांबवणारं सस्टेन पेडल असेल तर विचारूच नका. दोनच सूर घ्या: सा साठी ग आणि कोमल नी. म वर जाताना दोन्ही सूर अर्ध्या सुरानं खाली येतात, कोमल ग आणि ध. प साठी मूळ जागेवरून दोन्ही अर्ध्या सुरानं वर, म आणि शुद्ध नी. सगळी फेरी हात जवळजवळ न हलवता होते. साथीला खालचे सूर देणारा बास नसेल तर समेवर खर्जातला मूळ सूर एकदा मारा आणि लगेच या दोन सुरांवर या.

लय संथ ठेवा, मिनिटाला ६० ठोके. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, म्हणजे एका बारात दादऱ्याची दोन आवर्तनं मावतात. फरक वजनाचा. आपला हात समेवर टाळी द्यायला धावतो. इथं टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आठवडाभर नुसती टाळी देऊन रेकॉर्ड ऐकल्या तरी वेळ फुकट जात नाही.

उजव्या हाताचे सूर धानी रागाचे समजा (सा, कोमल ग, म, प, कोमल नी), त्यात तीव्र म जाता जाता. पण धानीत नसलेली खरी गंमत दोन्ही गंधारांत आहे. काळी दोनवरचं बोट घसरवून पांढरी तीनवर आणा. नवं बोट उचलून टाकलं की दोन वेगळे सूर ऐकू येतात आणि रडवेपणा जातो. म च्या कॉर्डवर हीच घसरण कोमल ध वरून ध वर, प च्या कॉर्डवर कोमल नी वरून नी वर. या पट्टीत तिन्ही ठिकाणी काळीवरून पांढरीवर उतरायचं असतं, म्हणून सुरुवात इथूनच.

आता चर्च. पहिल्या बारात उजव्या हातात ग-प-सा धरा, तिसऱ्या मात्रेला म-ध-सा आणि चौथीला परत. सहाव्या बारात म ची कॉर्ड तशीच ठेवून फक्त खालचा म तीव्र करा. सातव्या बारला सा ची कॉर्ड, पण खाली प. बास म, तीव्र म, प असा चढत जातो आणि ब्लूजचा एकदम सोल होतो. ही चढण प्रत्येक फेरीत मात्र नको, तिसऱ्या-चौथ्यांदा बरी.

शब्द लिहिताना चार बारांची एक ओळ धरा. दोन बार गायचं, दोन बार पियानोनं उत्तर द्यायचं. पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच, तिसरी ओळ तिचं कारण किंवा कलाटणी. नवशिक्यांचा घोटाळा इथंच होतो: चारही बार शब्दांनी भरून टाकतात, मग हाताला बोलायला जागा उरत नाही. ‘व्हॉट्ड आय से’ (१९५९) ऐका. १२ बारांच्याच फेऱ्या, वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो आणि नंतर साथीच्या गायिकांशी चाललेली सवाल-जवाबाची ओढाताण. कीबोर्डवर ‘इलेक्ट्रिक पियानो’चा जो आवाज किंचित खरखरीत असेल तो निवडा, घंटीसारखा गोड नको.

थांबायचं असेल तेव्हा शेवटच्या फेरीत बाराव्या बारला प घेऊ नका. तिथं कोमल रे, म, कोमल ध, शुद्ध नी एकत्र दाबा आणि चारही सूर अर्ध्या सुरानं खाली आणा: सा, ग, प, कोमल नी.